फोटो अर्धवट राहतात, म्हणून छंद सुटतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय अडतीस, चिंचवडला घर, कंपनीत नोकरी, मुलगा दुसरीत, सासूबाई सोबत. निकॉन डी५६०० कॅमेरा आहे आणि त्याच्याबरोबर आलेल्या दोन लेन्स, रोजच्या वापराची १८-५५ आणि लांबचं जवळ आणणारी मोठी ७०-३००. पूर्वी मनसोक्त फोटो काढायचात. आता तीन-चार महिने कॅमेऱ्याला हात लागत नाही. मग एकदम हुक्की येते, भिगवणला पक्ष्यांसाठी नाहीतर कासच्या पठारावर जाऊन एका दिवसात सात-आठशे फोटो काढता, ते हार्ड डिस्कवर टाकता आणि ते तिथेच राहतात. जानेवारीत ‘रोज एक फोटो’ सुरू केलंत, ते फेब्रुवारीत बंद पडलं. म्हणून विचारताय की मोटिवेशन टिकवायचं कसं, मिररलेस (आत आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा कॅमेरा) घेतला तर उत्साह येईल का, आणि नसेलच जमत तर निदान मोठी लेन्स तरी विकून टाकावी का.

मी साताऱ्यात औषधांचं दुकान चालवते. एकदा शटर वर गेलं की रात्री खाली येईपर्यंत काउंटर सुटत नाही, जेवणसुद्धा आतल्या स्टुलावर. त्यातूनच बरीच वर्षं फोटो काढतेय आणि रविवारी संध्याकाळी नवशिक्यांची एक छोटी बॅच घेते. बॅचमधली माणसं वर्षा-दोन वर्षांनी रस्त्यात भेटली की आधी नजर चुकवतात आणि मग तुम्ही विचारलंत तेच विचारतात. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुमच्या प्रश्नात मला उत्साहाचा तुटवडा कुठे दिसला नाही. भिगवणला उजाडताना बोटीत असायचं तर चिंचवडहून पहाटे चारच्या आत निघावं लागतं. आदल्या रात्री मुलाची सोय, सकाळच्या डब्याची तयारी, सासूबाईंच्या गोळ्या हे सगळं मार्गी लावून जी बाई तिथे पोचते तिला उत्साह कमी आहे असं कोण म्हणेल? गाडी अडते ती परत आल्यावर. सातशे फोटो आले, पण त्यातले बरे कुठले ते ठरलं नाही. एकही धड तयार झाला नाही, कुणी पाहिला नाही, कागदावर आला नाही. दमणूक झाली, पैसे गेले, हाती काही लागलं नाही. पुढच्या वेळी कॅमेरा उचलायचा म्हटलं की आधी मागचे सातशे आठवतात आणि हात मागे येतो. हे दोन-चार वेळा झालं की आपण म्हणतो, मोटिवेशन गेलं.

माझा अनुभव असा की फोटो पुरा झाला की पुढच्या फोटोचा हुरूप आपोआप येतो. पुरा म्हणजे काढला, निवडला, लागेल तेवढा सुधारला आणि कुणाच्या तरी हातात दिला. महिन्यात असे तीन-चार फोटो पुरे झाले की पाचव्यासाठी स्वतःला ढकलावं लागत नाही. तेव्हा तुमच्यासाठी खरा प्रश्न हा आहे की घर, नोकरी, शाळा यातून उरणाऱ्या वेळात कोणत्या प्रकारचा फोटो शेवटपर्यंत नेता येईल. भिगवणचा नक्कीच नाही, निदान या काही वर्षांत तरी नाही.

हे सगळ्यांना लागू नाही, तेही आत्ताच सांगते. घरात तान्हं मूल आहे, कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, नोकरी टांगणीला लागलेली आहे, अशा वेळी कॅमेरा खुशाल बंद ठेवावा आणि त्याचा सल धरू नये. आणि फोटोच नव्हे तर जेवण, झोप, माणसं, सगळ्यातूनच मन उडालं असेल आणि ते आठवडेच्या आठवडे तसंच असेल, तर ते छंदाचं दुखणं नाही. डॉक्टरांकडे जावं, औषधाच्या काउंटरवर किंवा माझ्यासारख्या बाईकडे त्याचं उत्तर शोधू नये. तिसरी गोष्ट जरा टोचेल. काही लोकांना मुळात भटकायला आवडतं, कॅमेरा हे निमित्त असतं. पुढच्या सहलीला कॅमेरा मुद्दाम घरी ठेवून पाहा. दिवसभरात एकदाही ‘अरे, आत्ता हवा होता’ असं वाटलं नाही, तर तुमचा छंद भटकंतीचा आहे. तोही छानच आहे आणि त्याला लेन्स लागत नाहीत.

पण तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या बसमधून जाताना बाहेर सारखे फोटो दिसत राहतात. म्हणजे तुम्ही त्या गटातल्या नाही. पुढचं तुमच्यासाठी.

पहिलं, उजेडाचं वेळापत्रक. फोटोसाठी वेळ नाही म्हणणारे बहुतेक लोक घड्याळाकडे बघतात, सूर्याकडे बघत नाहीत. पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे सव्वासात ते आठ या वेळात, जेव्हा तुम्ही मुलाला शाळेच्या बसपाशी सोडायला उभ्या असता, तेव्हा समोर तोच तिरपा, पिवळसर उजेड असतो ज्यासाठी लोक यवतेश्वरचा घाट चढून कासला जातात. जूनमध्ये तो सहाच्या आसपासच उगवतो, आठपर्यंत ऊन करकरीत झालेलं असतं, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळचा नाद सोडा. तेव्हा संध्याकाळ लांबते. जानेवारीत सव्वासहाच्या सुमाराला मावळणारा सूर्य मे संपता संपता सातनंतर मावळतो, म्हणजे ऑफिसमधून परतताना तुमच्या वाटेवर चांगला उजेड असतो. हिवाळ्यात सकाळ आणि उन्हाळ्यात संध्याकाळ, वेगळा वेळ काढायची गरज नाही. पावसाळ्यात तर आभाळच एवढं मोठं पांढरं छत होतं की दिवसभर चेहऱ्यावर कडक सावली पडत नाही. रस्ते ओले, भिंतींचे रंग गडद, छत्र्या. आणि आपण नेमका तेव्हा कॅमेरा कपाटात ठेवतो, भिजेल म्हणून! रिक्षात बसून, दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहून, बाल्कनीच्या दारातून काढा की.

दुसरं, विषय. ‘आज काय काढू?’ हा प्रश्न रोज नव्याने पडणं हेच थकवणारं असतं. ‘रोज एक फोटो’ वाली आव्हानं त्यामुळेच मोडतात. नोकरी-घर नसलेल्या माणसाला ती जमत असतील. आपल्याकडे एक दिवस पाहुणे येतात, एक दिवस मुलाला ताप येतो, साखळी तुटते आणि तुटली की सगळंच सोडून द्यावंसं वाटतं. दिवसांना बांधून घेण्यापेक्षा एका विषयाला बांधून घ्या. विषय घराजवळचा, लहानसा आणि पुन्हा पुन्हा भेटणारा हवा. पंधरा दिवस खंड पडला तरी तो तिथेच असतो, रुसत नाही.

माझा विषय गेली काही वर्षं काउंटरवरचे हात हा आहे. दुपारी दीड-दोनला गिऱ्हाईक कमी असतं. तेव्हा समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवरून ऊन उलटून माझ्या काउंटरच्या काचेवर येतं, अर्धा-पाऊण तास. त्या उजेडात चिठ्ठी पुढे करणारे हात येतात. गवंड्याच्या पेरांत सुकलेलं सिमेंट. नवऱ्याच्या शुगरच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या आजींच्या मनगटावरचं हिरवं गोंदण, आणि नोटा दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी घालून वर रबर लावलेला, तो रबर सोडवणारी त्यांची दोन बोटं. कॉलेजच्या पोराचे शाईने बरबटलेले हात. चेहरा घेत नाही, चिठ्ठीवरचं नाव-औषध कधीच फ्रेममध्ये येऊ देत नाही, आणि विचारल्याशिवाय काढत नाही. बहुतेक जणी म्हणतात, ‘हाताचा कशाला गं, तोंडाचा काढ की.’ मग तोंडाचाही काढते आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्यांबरोबर प्रिंट देते. त्या आजींनी त्यांची प्रिंट फडताळात लावलीय म्हणे.

याचा फायदा काय होतो ते सांगते. विषय ठरलेला असल्यामुळे डोकं ‘काय’मध्ये अडकत नाही, ‘कसं’मध्ये जातं. पहिले वीस-पंचवीस हात एकसारखे आले. मग लक्षात आलं की काच पुसली नाही तर उजेड पसरून हाताच्या खालची बाजू मऊ होते, आणि हात काउंटरवर टेकलेला असण्यापेक्षा हवेत, देण्याच्या ओघात असला तर त्यात जीव येतो. हे शिकायला मला कुठे जावं लागलं नाही, फक्त त्याच जागी परत परत उभं राहावं लागलं. जागा बदलत राहिलं की आधीच्या फोटोशी तुलना होत नाही आणि आपण सुधारतोय की नाही तेच कळत नाही. हुरूप जाण्याचं हेही एक मोठं कारण आहे.

मोठमोठ्या लोकांनी हेच केलंय. प्रागचा योसेफ सुदेक, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला माणूस. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात, बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणं अवघड. त्याने १९४० पासून आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला घेतले आणि युद्ध संपल्यावरही १९५४ पर्यंत काढत राहिला. काचेवरची वाफ, बाहेरचं वेडंवाकडं झाड, खिडकीच्या कट्ट्यावरचा ग्लास. आंद्रे केर्तेस १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेसमोर राहायला गेला आणि पुढे कित्येक वर्षं घरातूनच त्या बागेतली माणसं, बर्फातल्या पायवाटा टिपत बसला. दोघांनाही कास लागलं नाही.

तुमच्यासाठी मला लांबून जे सुचतं ते असं: पवनेच्या काठी मोरया गोसावींच्या मंदिराचा घाट तुमच्या जवळच असेल. एकच जागा, एकच कोपरा ठरवा, वर्षभर. किंवा सासूबाईंची हातातली कामं, म्हणजे भाजी निवडणं, वाती वळणं, सुईत दोरा ओवणं. त्यांना आवडलं तरच बरं का, नाहीतर घरात वेगळंच सुरू व्हायचं. किंवा बसच्या खिडकीतून दिसणारं. बसमधून काढताना लेन्स काचेच्या अगदी जवळ न्या म्हणजे आतलं प्रतिबिंब येत नाही, आणि शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. मोठा कॅमेरा सोबत नसेल तर फोनवर काढा. फोनचा फोटो हा कमी दर्जाचा छंद आहे असं मानणाऱ्यांशी वाद घालत बसू नका, वेळ नाहीये आपल्याकडे.

मुलाचे फोटो ‘घरगुती’ म्हणून तुम्ही मोजतच नाही आहात असं प्रश्नावरून वाटलं. का बरं? दुसरीतलं पोर हा सर्वांत अवघड आणि सर्वांत जवळचा विषय आहे. दिवसा खिडकीपाशी त्याच्या अभ्यासाचं टेबल ओढा, खिडकी त्याच्या बाजूला येऊ दे, पाठीमागे नको. खोलीतला ट्यूबलाइट किंवा एलईडी बंद करा. बाहेरचा उजेड एका रंगाचा, दिव्याचा दुसऱ्या रंगाचा, आणि मग अर्धा गाल निळसर, अर्धा पिवळट दिसतो तो यामुळेच. कॅमेरा ‘ए’ मोडवर (छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), उजेड आत घेणारं छिद्र लेन्स देईल तेवढं मोठं, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ऑटो. तुमच्या डी५६०० मध्ये ऑटो आयएसओच्या आत दोन मर्यादा लावता येतात. जास्तीत जास्त आयएसओ ३२०० आणि शटरचा कमीत कमी वेग १/२५० सेकंद ठेवा. मुलं स्थिर बसलीत असं वाटतं तेव्हाही त्यांची मान हलत असते, १/६० ला हमखास हलतो फोटो. उजेड अगदीच कमी झाला तर कॅमेरा शटरचा वेग खाली आणेल, तेव्हा आणखी खिडकीकडे सरका. एवढं एकदा लावून ठेवलंत की पुन्हा मेनूत शिरावं लागत नाही. त्याला ‘इकडे बघ, हस’ म्हणू नका. तो त्याचं करत राहील, तुम्ही तुमचं करत राहा.

आता निवड. मला विचाराल तर सगळा छंद इथे टिकतो किंवा मोडतो.

फिल्मच्या रोलमध्ये ३६ फोटो यायचे. तेवढीच मर्यादा स्वतःला घाला: एका बैठकीला छत्तीसच्या वर नाही. उडते पक्षी, खेळाचे सामने याला अपवाद, तिथे दहा-दहाच्या सरी लावाव्याच लागतात. पण घाटावर किंवा घरात छत्तीस म्हणजे भरपूर होतात. मग त्याच रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं बसायचं, घड्याळ लावून. पहिल्या फेरीत फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’, एका फोटोला दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही. उरलेल्यांतून पाच. तिथे थांबायचं आणि झोपायचं. त्या पाचांतला एक दुसऱ्या दिवशी निवडायचा, कारण काढतानाची मजा डोळ्यांवरून उतरलेली असते आणि फोटो जसा आहे तसा दिसतो. एक निवडला की थोडं क्रॉप, थोडा उजेड-सावलीचा तोल, झालं. बाकीचे एकतीस पुसून टाकले तरी चालतं. मी टाकते. बॅचमध्ये हे सांगितलं की लोक माझ्याकडे मी त्यांचे दागिने मोडायला सांगितल्यासारखं बघतात.

इथे एक मतभेदाचा मुद्दा आहे. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्येच काढा असं सगळे सांगतात आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे, त्यात नंतर सुधारायला जागा जास्त असते. पण प्रत्येक रॉ फाइल म्हणजे एक शिल्लक काम. ज्याला संगणकासमोर बसायचा कंटाळा आहे, दिवसभर कंपनीत तेच करून आल्यावर तर नकोच वाटतं, त्याने जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेल्या फाइलमध्ये काढावं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ) काढतानाच नीट बघण्याची सवय लागते, हा वरचा फायदा. महत्त्वाचं काही असेल त्या दिवशी दोन्ही ठेवा.

आणि हार्ड डिस्कवरचे जुने हजारो? ते सगळे उपसायचा संकल्प करू नका, तो संकल्प कपाट आवरण्याच्या संकल्पासारखा दिवाळीपर्यंत लांबतो. एखाद्या मोकळ्या रात्री एकच फोल्डर उघडा, समजा एका वर्षाचं भिगवण, त्यातून दहा बाजूला काढा आणि तो फोल्डर कायमचा बंद. पुन्हा उघडायचा नाही. उरलेले फोल्डर राहिले तर राहिले, त्यांचं कुणाला देणं लागत नाही. मात्र डिस्क एकच असेल तर आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. ज्यांची डिस्क पडून बंद झाली अशी माणसं माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांच्यातल्या दोघांनी त्यानंतर कॅमेरा हातात धरलेला नाही.

निवडलेल्या फोटोचं पुढे काय? छापा. चार बाय सहा इंचांची प्रिंट अजूनही गावोगावच्या फोटो लॅबमध्ये किरकोळ पैशांत निघते. महिन्याला चार काढा, एक साधा खिशांचा अल्बम घ्या आणि तो बाहेरच्या खोलीत ठेवा. आल्यागेल्याने उचलून चाळावा असा. इन्स्टावर टाकायला माझी ना नाही, पण तिथे तुमचा पवनेचा घाट कुणाच्यातरी लडाखच्या शेजारी येतो आणि आपण आपल्या घाटाकडे उगाच खजील नजरेने बघतो. त्यापेक्षा दोन-तीन ओळखीच्या छांदिष्टांशी ठरवा की महिन्यातून एकदा प्रत्येकाने एक प्रिंट आणायची आणि ती का आवडली, काय खटकतंय ते तोंडावर सांगायचं. ‘मस्त’, ‘भारी’ या शब्दांना बंदी. आमच्याकडे हे चालतं आणि त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांचे कॅमेरे बरोबर बाहेर येतात.

घरच्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘सगळ्यांचं आवरून झाल्यावर वेळ उरतच नाही’ या वाक्यात ते आलंय. आवरून झाल्यावर वेळ कधीच उरत नाही, कारण आवरणं संपत नाही. त्यामुळे उरलेला वेळ धरू नका, ठरलेला धरा. आठवड्यात एक दीड तास, वार आणि वेळ नक्की, आणि तो घरात सगळ्यांना माहीत हवा. ‘शनिवारी साडेसहा ते आठ मी घाटावर आहे, पोराचं दूध तुम्ही बघा’ हे एकदा स्पष्ट बोलून घ्यावं. मिस्टर त्यांच्या क्रिकेटला जात असतील तर त्यांना ते कळायला अवघड नाही. कधी नाही जमलं तर त्या आठवड्यापुरतं सोडून द्यायचं, पुढच्या आठवड्यात तीन तास मागायचे नाहीत. बाहेर एकटीने पहाटे जाणं सुरक्षित वाटत नसेल तर जाऊ नका, जिद्द दाखवायची ही जागा नव्हे. वर सांगितलेल्या शाळेच्या वेळा म्हणूनच सांगितल्या.

आणि एक सावधगिरी. ‘कॅमेरा आहेच तुझ्याकडे, जरा बारशाला लवकर ये ना’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं माहीत आहे. बारसं, मग मुंज, मग चुलत नणंदेचं केळवण. जेवणाच्या पंगतीत आपण उभे, ताट गार, आणि आठ दिवसांनी फोन, ‘फोटो कधी देतेस?’ हौसेचा कॅमेरा नातेवाइकांच्या सेवेला लागला की घरी आल्यावर तो उघडावासा वाटत नाही. गोड बोलून सांगायचं की मी दोन-चार माझ्या आवडीचे काढीन, कार्यक्रमाचे काढायला फोटोग्राफर सांगा. एकदा राग येतो, दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

मिररलेसबद्दल. नवा कॅमेरा आणलात तर उत्साह येईल, नक्की येईल, आणि मग आहे तिथेच याल, कारण अडचण निवडीत आहे, कॅमेऱ्यात नाही. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. म्हणजे साधारण सहा हजार बाय चार हजार ठिपके. उत्तम छपाईच्या ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुद्धा वीस बाय तेरा इंचांची प्रिंट निघते. तुमच्या भिंतीवर याहून मोठी लावायची आहे का? नव्या मिररलेसमध्ये डोळ्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय असते, धावत्या मुलांना आणि पक्ष्यांना ती खरोखर उपयोगी पडते, हे मान्य. पण तो खर्च वर्षभर आठवड्याला एक फोटो पुरा केल्यानंतर करा, तेव्हा नेमकं काय हवंय तेही कळलेलं असेल.

पैसे घालायचेच असतील तर निकॉनची ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स लेन्स घ्या, वापरलेली चालेल. घरातल्या उजेडात कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सच्या कितीतरी पट उजेड आत घेते, लहान आणि हलकी आहे, पर्समध्ये मावते. झूम नसल्यामुळे पाय हलवावे लागतात. घेताना एक बघा: ५० एमएम एफ/१.८ डी या नावाची जुनी लेन्स स्वस्तात मिळते, पण तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे तिच्यावर ऑटोफोकस चालणार नाही. दुकानदार हे सांगेलच असं नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे मोटर लेन्समध्येच) आहे ना तेवढं पाहायचं.

राहता राहिली ७०-३००. विकण्याआधी ती कपाटातून काढा, मागचं-पुढचं झाकण उघडा आणि एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर बुरशी आहे. पावसाळाभर बंद कपाटात, त्यातून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवलेल्या लेन्सना ती धरते, आणि जास्त दिवस राहिली तर काचेवरचं कोटिंग खाते. तशी असेल तर दुरुस्तीवाल्याला आधी दाखवा, घेणाऱ्यापासून लपवू नका. स्वच्छ असेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत असला की झालं. सिलिका जेलचे दाणे रंग बदलतात, ते तापवून पुन्हा वापरता येतात. तापवायला स्वयंपाकाचा तवा घेऊ नका, वेगळं भांडं ठेवा.

विकायची घाई मात्र करू नका. भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असतात ते हिवाळ्यात, मार्चपर्यंत. एका हिवाळ्यात एकदा, फक्त एकदा जा, छत्तीसची मर्यादा त्या दिवशी सोडून द्या आणि परत आल्यावर त्याच आठवड्यात पाच निवडून एक छापून घ्या. तसं झालं तर लेन्स ठेवा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती डब्यातून एकदाही बाहेर आली नसेल तर विका आणि त्या पैशांत ३५ घ्या.